गंगासागरअक्काचं नाक

आमच्या घरात ही हकीकत वेगळी सांगतात. माझे थोरले दीर मन्मथअप्पा यांना विचाराल, तर बायकोच्या नाकासाठी आपण पुण्यापर्यंत धावलो, असं ते छाती पुढं काढून सांगतील. कोण कुठवर धावलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझी नजर अजून शाबूत आहे. म्हणून लिहायला बसले.

त्यांची बायको गंगासागर म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. लग्न होऊन मी युसूफ वडगावात आले तेव्हा सैपाकघर तिच्या हातात होतं. सर्दी तिला आधीपासूनच असायची, पण मुलगी शिवांजली झाल्यानंतर जी बसली ती उठलीच नाही. नाक दोन्हीकडून चोंदलेलं, कपाळात आणि गालाच्या हाडांत ठणका, घशात सारखी घाण उतरायची. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून बाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तोंड कायम उघडं. बोलणं गेंगाणं झालं. रस्त्यानं चालली की पोरं मागून नाक दाबून तिच्यासारखं बोलायची, आणि पारावरची मोठी माणसं त्यांना दटावायचं सोडून हसायची. केजच्या डॉक्टरांचे थेंब झाले, वैद्याचं नस्य झालं, ओव्याची धुरी झाली. नाक उघडलं नाहीच, उलट हळूहळू वास गेला. फोडणी जळाली की तिला ती दिसायची तेव्हा कळायची.

तरी सैपाक ती अंदाजानं असा करायची की कुणी नाव ठेवू नये. मोडता घातला तो श्रावणातल्या एका सोमवारानं. आम्ही लिंगायत. जंगमस्वामी प्रसादाला घरी येणं म्हणजे आमच्या सासूबाई रुक्मिणीबाईंना साक्षात महादेव दारी आल्यासारखं. त्या दिवशी अक्कानं पुऱ्या तळल्या. स्वामींनी पहिला घास तोंडात घातला, तसाच बाहेर काढला आणि ताटावरून उठले. तेलात रॉकेल मिसळलेलं होतं. घरापुढं आमचं किराणा दुकान, आणि दुकानात रॉकेल अन् गोडेतेल एकाच नरसाळ्यानं ओतायची सवय मन्मथअप्पांची. ही गोष्ट घरातल्या मांजरालाही ठाऊक होती. पण नरसाळ्याला कोण बोलणार? बोल लागला तो नाकाला.

सासूबाईंनी त्याच दिवशी अक्काला सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढलं. तिचा रोग भाकरीतून पोरांना लागेल, अशी पुस्तीही जोडली. मग तिनं करायचं काय, तर गोठा. सासूबाई म्हणाल्या, "नाकच न्हाई तर शेणाचा वास तुला कावून येईल? तुझ्याच जोगं काम हाय ते." हे त्या चिडून बोलल्या नाहीत, अगदी सोय सुचवावी तशा बोलल्या. त्यामुळं ते जास्तच लागलं.

गोठ्यात बारा जनावरं. शेण काढायचं, गोवऱ्या थापायच्या, आणि राहिलेलं गोबरगॅसच्या हौदात टाकून पाण्यात हातानं कालवायचं. गोबरगॅस नुकताच सरकारी योजनेतून बसवला होता. अक्का सकाळी कोपरापर्यंत हात बुडवून ते कालवायची आणि त्यावर आतली शेगडी पेटायची. त्या शेगडीवर मी भाकरी करायचे. मला काही त्या सैपाकघराची हौस नव्हती, इतक्या माणसांच्या भाकऱ्या थापून माझे खांदे गेले. मी सासूबाईंना दोनदा म्हटलं की आत्याबाई, आम्ही दोघी मिळून करतो. त्यांनी मान हलवली नाही.

शिवांजली माझ्या हातचं जेवायची. अक्का दारातून बघायची. कधी पोरीला जवळ घ्यायला गेली तर पोर नाक मुरडून म्हणायची, आई, तुझा वास येतो. आठ वर्षं हे असं चाललं. अक्काचं मागणं एवढंच होतं की एकदा नाक उघडावं, म्हणजे आत येता येईल आणि पोरीला हातानं घास भरवता येईल. मला ती हे अनेकदा बोलली. साडी नाही, दागिना नाही, माहेर नाही, तिला फक्त तो उंबरा ओलांडायचा होता.

आता मन्मथअप्पा. माणूस दुकानदार, पण गावात मान होता तो आणेवारीमुळं. पीक सोळा आण्यांपैकी किती आलं, हे दरसाल सरकारी माणसं ठरवतात. पुढं ते पैशात मोजायला लागले तरी गाव आणेवारीच म्हणतं. शंभरात पन्नासच्या खाली आकडा आला की दुष्काळ मानतात, सारा माफ होतो, पोरांची फी माफ होते. वर गेला की काही मिळत नाही. गावच्या समितीत मन्मथअप्पा वर्षानुवर्षं बसत. साहेबांना बरोबर माळावरच्या मुरमाड पट्टीवर न्यायचं, कणसं त्यांच्यापुढं चोळून दाखवायची आणि आकडा चाळिशीच्या आसपास बसवायचा, यात त्यांचा हातखंडा. गावाला आकडा कमी लावून देणारा माणूस म्हणून लोक त्यांना रामराम घालत. ते स्वतःही तसेच चालत, थोडे मागं रेलून.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर केजला शिबिर लागलं. इकडचे पुढारी अमरसिंह यांचा वाढदिवस, त्यांच्या फोटोचे फलक एसटी स्टँडपासून तहसीलपर्यंत. पुण्याच्या एका खाजगी दवाखान्याचे डॉक्टर येणार होते. परदेशात शिकून आलेले, नाकात दुर्बीण घालून बाहेर एकही टाका न घालता आतलं साफ करतात, अशी ख्याती. निवडलेल्यांचं ऑपरेशन पुण्याला फुकट. अक्कानं गोठ्यातूनच माझ्या हाताला धरून विचारलं, मला नेतील का? मी अप्पांच्या मागं लागले. फुकट आहे म्हटल्यावर ते तयार झाले.

आम्ही तिघं जीपनं केजला गेलो. मंडपात ही गर्दी. डॉक्टरांची पद्धत नवी होती. त्यांचं म्हणणं असं की नाकाचा फोटो काहीही सांगो, त्रास किती हे माणसानंच सांगावं. म्हणून वीस प्रश्न काढलेले. नाक बंद राहतं का, झोप लागते का, तोंड दुखतं का, वास येतो का, असे. प्रत्येक त्रासाला शून्य ते पाच गुण, सगळे मिळून शंभर. शून्य म्हणजे त्रासच नाही, पाच म्हणजे सोसवत नाही, हे सकाळी माईकवरून समजावलं होतं म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा माईकवर अमरसिंहांचा सत्कार चालला होता.

रांगेत पुढच्या माणसाला अप्पांनी विचारलं की निवड कशावर होणार. तो म्हणाला, शंभरात पन्नासची रेघ आहे. झालं. अप्पांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं ओळखीचं कुणी भेटलं. त्यांनी त्याला पुढचं विचारलंच नाही. शंभरातली पन्नासची रेघ, आणि ती मन्मथअप्पांना कुणी समजावून सांगायची? ते वळून अक्काला म्हणाले, "तू तोंड उघडू नको. ह्यातलं मला कळतंय. आकडा खाली ठिवला की काम झालंच."

टेबलाशी डॉक्टरकीची एक विद्यार्थिनी होती. सकाळपासून बोलून तिचा घसा बसलेला. ती नुसते शब्द उच्चारायची आणि समोरच्यानं आकडा सांगायचा. नाक? एक, अप्पा म्हणाले. झोप? एक. डोकेदुखी? लिवा, एकच. वास? शून्य, आणि हे त्यांनी असं ठासून सांगितलं की जणू साहेबाला मुरूमच दाखवत होते. तिनं मान वर न करता लिहिलं. बाईंनाच बोलू द्या, असं ती एकदा म्हणाली. त्यावर अप्पा हसून म्हणाले की तिचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या पुढं चिंचोली माळीची एक बाई होती. धट्टीकट्टी, नुसती शिंकत होती. तिनं पाच, पाच करत आकडे सांगितले होते आणि तिला दुर्बिणीच्या तंबूत पाठवलं होतं. हे अक्कानं पाहिलं होतं. तिच्या ध्यानात आलं. तिनं अप्पांची बाही ओढली. त्यांनी हात झटकला. मग ती त्या मुलीकडं वाकून म्हणाली, "बाई, मला लई तरास हाय. पाच लिवा." गेंगाण्या आवाजातलं ते बोलणं मुलीला उमगलं नाही, आणि मागच्या रांगेत कुणीतरी नाक दाबून तेच म्हणून दाखवलं. माणसं हसली. मन्मथअप्पाही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुलीला म्हटलं की खरंच पाच आहेत. अप्पा गरजले, "बायकांनी मधी बोलायचं न्हाई. कारभारी मी हाय." मुलीनं आकड्यांची बेरीज केली, अठरा. थेंबांची बाटली हातात दिली आणि पुढच्याला बोलावलं.

जीपमध्ये अप्पा खुशीत. अठरा म्हणजे गावाला कधी लागली नाही अशी आणेवारी, निवड पक्की. चार दिवसांनी निवडलेल्यांची नावं आली, त्यात अक्का नव्हती. चिंचोलीची शिंकणारी बाई होती. गावातल्या कंपाउंडरनं पारावर अप्पांना समजावून सांगितलं की इथं आकडा जितका मोठा तितका रोग मोठा. अख्खा पार पोट धरून हसला. अख्ख्या गावाला चाळिशीत बसवणाऱ्यानं बायकोला अठरात बसवली, हे पुढं महिनाभर चाललं. दुकानात येणारी पोरं गूळ मागताना अठरा आण्यांचा द्या म्हणायची.

त्या हसण्याचा सगळा राग अक्कावर निघाला. अप्पांनी डॉक्टरांना परत गाठलं असतं तर काम झालं असतं. मी तसं म्हटलंही. पण परत जाणं म्हणजे आपला आकडा चुकला असं कबूल करणं, आणि ते मन्मथअप्पांना बायकोच्या श्वासापेक्षा जड होतं. ते उलट सांगू लागले की हिला रोगच नाही, कामाची टाळाटाळ आहे, डॉक्टरांनीच अठरा लिहिलंय. सासूबाईंनाही ते पटलं. अक्काला चार जनावरं वाढवून मिळाली.

माणूस किती सोसतं ते मला माहीत नव्हतं, आणि कधी सोसत नाही तेही. उन्हाळ्यात तेच डॉक्टर ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा तपासायला केजला आले. अक्का त्या सकाळी हौदावरून उठली, हात धुतले आणि कुणाला न विचारता रस्त्याला लागली. मी चप्पल घालून तिच्या मागं पळाले. मंडपात तिनं रांग मोडली आणि त्याच मुलीपुढं उभी राहून स्वतःच्या तोंडानं वीसही प्रश्नांना आकडे दिले. मुलीला नीट कळावं म्हणून प्रत्येकाला बोटं दाखवली. पाच, पाच, चार, पाच. बेरीज त्र्याण्णव झाली. मुलीनं जुना कागद काढला, त्यावर अठरा. ती गोंधळली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली. बाजूच्या टीव्हीवर आतलं दिसलं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मांसाचे गोळे, एकावर एक दाबून बसलेले, मध्ये सुई जाईल इतकीही जागा नाही. डॉक्टरांनी तो जुना कागद हातात घेतला. मग त्या मुलीला म्हणाले, "हिला आपण सौम्य रोगात घातलं होतं?" अक्का रडत होती, पण तिचं नाक इतकं बंद होतं की रडतानाही तोंडानंच श्वास घ्यावा लागत होता.

ऑपरेशनसाठी घरच्यांची सही हवी होती. अप्पांनी कागदाला हात लावला नाही. गेलीस तर परत येऊ नको, असं म्हणाले. शेवटी माजलगावहून अक्काचा भाऊ विश्वेश्वर आला आणि त्यानं सही केली. पावसाळा सरता सरता पुण्याला ऑपरेशन झालं, आणि बरं व्हायला ती माजलगावला भावाकडं राहिली. मी भेटायला गेले तेव्हा साखर कारखान्याचा हंगाम चालू झाला होता. मळीच्या वासानं सगळं गाव नाकाला रुमाल लावून फिरतं. अक्का मात्र ओसरीत बसून तो वास ओढून ओढून घेत होती. "शिवकन्या, किती घाण हाय गं हे," असं मला म्हणाली आणि हसली. आवाज मोकळा झाला होता. रात्री आडवी होऊन झोपते, असं सांगताना ती लहान पोरीसारखी लाजली. तिला इतकी आनंदात मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

पोरीसाठी ती परत आली. अप्पांनी दार अडवलं नाही, कारण मधल्या काळात गोठ्याला गडी टिकत नव्हता. सासूबाईंनी परीक्षा घ्यायची ठरवली. अक्काचे डोळे पदरानं बांधले आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. हिंग, अक्का म्हणाली. तूप, पण जुनं. रॉकेल. कढीपत्ता. एकही चुकलं नाही. शिवांजली टाळ्या पिटत होती. अक्कानं पदर सोडला आणि सैपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, थांब. नाक आलं हे खरं. पण आठ वर्षं शेणात बुडालेला हात, त्या हातचं स्वामींना कसं वाढायचं? हे त्या ज्या ओट्यावर बसून बोलत होत्या, तो त्याच सकाळी शेणानं सारवला होता. मी ते बोलून दाखवलं. तेव्हा मन्मथअप्पांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"मग गोठा कोण काढणार?" ते म्हणाले.

अक्कानं पाय मागं घेतला. दुसऱ्या दिवशी ती हौदावर गेली आणि कोपरापर्यंत हात घालताच भडभडून ओकली. आठ वर्षं जे काम तिनं केलं होतं ते पहिल्यांदाच तिच्या नाकात शिरलं. रोज सकाळी तेच व्हायला लागलं. हौद, ओकारी, पाणी, पुन्हा हौद. तिनं तोंडाला पदर बांधला, तर सासूबाईंनी तो ओढून काढला, गाईच्या शेणाला नाक मुरडणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान म्हणून. अंगाचा वासही आता तिला यायचा. अंघोळ करून पुन्हा पुन्हा दंड हुंगायची. पोर का जवळ येत नव्हती हे तिला कळलं, आणि मग तीच पोरीपासून लांब बसायला लागली. ते बघून मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. घर पेटवून द्यावं असं वाटलं, एवढंच लिहिते.

वर्षानं डॉक्टर ऑपरेशनचा गुण किती आला ते मोजायला आले. या वेळी अमरसिंहांच्या माणसांनी बऱ्या झालेल्यांना घरच्यांसकट स्टेजवर बोलावलं होतं. अप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि बायकोची काळजी घेतल्याबद्दल शाल घेऊन गेले. खाली टेबलाशी अक्का बसली होती, मी शेजारी. तीच मुलगी, आता डॉक्टर झालेली. नाक? शून्य. झोप? शून्य. तोंडाचा ठणका? शून्य. वास जाण्याचा त्रास? शून्य. बेरीज चार झाली. त्र्याण्णवावरून चार, मुलीचा चेहरा उजळला. तिनं डॉक्टरांना हाक मारली. ते येऊन म्हणाले की आमच्या सगळ्या शिबिरात इतका चांगला गुण कुणाला आला नाही.

अक्का उभी राहिली. हात पाठीमागं धरले होते. ती डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाली, "साहेब, श्वास राहू द्या. नुसता वास तेवढा परत बंद करता येतो का?"

डॉक्टरांना ती गंमत वाटली. ते हसले, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि स्टेजकडं गेले. मुलगी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, का? मी सांगायला लागले, गोठा, हौद, ओकारी, सगळं. मुलीनं पेन हातात धरून ऐकलं, मग वीसही प्रश्न वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाली की यात हे कुठं बसत नाही. मागं रांग वाढत होती. तिनं अक्काच्या नावापुढं यशस्वी असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.